रक्त पडले, तर बाण हुकला कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या धनुष्यबाणाच्या शिकारीवरचा लेख वाचला. हंगाम, परवाने, मचाण यांची माहिती ठीक आहे. खटकला तो शेवटचा हिशेब: तीन बाण सोडले, एक हरिण मिळाले, ‘दोन हुकले’. त्या दोनांपैकी एका बाणाला रक्त होते, पानांवर थेंब होते आणि तासभर शोधून मंडळी परतली, असे लेखातच लिहिले आहे. मग तो हुकला कसा? तो लागला. हरिण सापडले नाही, ही वेगळी गोष्ट.

दोष एकट्या लेखकाला देता येत नाही. इथल्या शिकाऱ्यांच्या बोलण्यात हे सर्रास चालते, कारण ते सोयीचे आहे. बहुतेक राज्यांत परवान्याबरोबरचा टॅग, म्हणजे जनावराला अडकवायची चिठ्ठी, हाती आलेल्या हरणालाच लावायचा असतो. सापडले नाही तर टॅग कोरा राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मचाणावर बसायला आडकाठी नसते. वन्यजीव खात्याकडे जाणारी नोंदही हाती आलेल्या जनावरांचीच. जखमी होऊन निसटलेले हरिण असे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

ते प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. मेरीलँडमधल्या इंडियन हेड येथील नौदल तळावरच्या शिकारीचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. आधुनिक धनुष्ये वापरूनही तिथे बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे 18 टक्के मिळाली नव्हती. ओक्लाहोमात मॅकअलेस्टर दारूगोळा कारखान्याच्या आवारात साध्या पारंपरिक धनुष्यांनी शिकार होते. तिथे रेडिओ पट्टे लावलेल्या हरणांपैकी बाण लागलेली निम्मी हाती आली नाहीत, पण त्यातली बहुतेक जगली. हा ‘पण’ महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

गोळीच्या धक्क्याने जनावर कोसळू शकते. बाणाला तो धक्का नसतो, तो मारतो रक्तस्रावाने. सुमारे 68 किलोच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणात पावणेचार लिटरच्या आसपास रक्त असते आणि त्यातले साधारण एक तृतीयांश गेल्याशिवाय ते पडत नाही. दोन्ही फुफ्फुसे कापली गेली तर हे काही सेकंदांत होते. बाण जठरातून गेला तर मरण तितकेच नक्की, फक्त त्याला तास लागतात. तेवढ्या वेळात हरिण कुठे पोहोचते, ते बाण सोडणाऱ्याच्या पुढच्या वागण्यावर ठरते.

म्हणून ‘हुकला’ म्हणायच्या आधी ते सिद्ध करावे लागते. बाण सोडल्यावर मचाणावरून उतरण्यापूर्वीच हरिण जिथे उभे होते ती जागा आणि शेवटचे दिसले ती जागा, दोन्हींची दिशा होकायंत्रावर पाहून ठेवावी. खाली उतरल्यावर रान वेगळेच दिसते. मग बाण शोधायचा. दांडा आणि पिसे बोटांनी चाचपायची, चिकट लागते का पाहायचे, वास घ्यायचा. बाण कोरडा, जमिनीवर कापलेले केस नाहीत आणि पळालेल्या वाटेवर दीडदोनशे यार्ड बारकाईने पाहूनही थेंब नाही, तरच बाण हुकला. बाण सापडलाच नाही तर लागला असेच धरून चालायचे. पहिल्या पन्नास यार्डांत रक्त दिसले नाही, याला पुरावा म्हणत नाहीत. उंचावरून मारलेला बाण छातीत वर शिरला आणि खालून बाहेर पडला नाही, तर रक्त छातीच्या पोकळीतच साठते आणि जमिनीवर फार उशिरा येते.

बाणावरची खूण पाहून थांबायचा वेळ ठरतो. गुलाबी, फेसाळ, बुडबुड्यांचे रक्त फुफ्फुसाचे. अर्धा तास थांबावे. गडद, काळपट लाल रक्त यकृताचे. चार ते सहा तास. हिरवट-तपकिरी चोथा आणि आंबूस दुर्गंधी म्हणजे जठर किंवा आतडे. आठ ते बारा तास, म्हणजे संध्याकाळचा बाण असेल तर थेट सकाळ. असे हरिण बाण लागताच पाठ कमानीसारखी करून सावकाश चालू लागते, आणि त्याला कोणी छेडले नाही तर बहुधा जवळच्याच झुडपात बसते. त्याला तासाभरात उठवले की ते मैलभर जाते, जखमेच्या तोंडाशी चरबी आणि आतडी येऊन रक्त थांबते, माग तुटतो. लेखातल्या मंडळींनी नेमके हेच केले असावे. उशीर केला तर मांस बिघडेल, कोयोटे (लांडग्याच्या कुळातली लहान जनावरे) खातील, पाऊस आला तर माग धुऊन जाईल, ही भीती खरी आहे. पण पोटात बाण लागलेल्या हरणामागे घाईने गेल्यास मांसही जाते आणि हरिणही.

माग काढताना रक्तावरून नव्हे, बाजूने चालायचे. प्रत्येक थेंबाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत गेले की मागे वळून पाहिल्यावर दिशेची रेघ दिसते. गवताच्या पात्यांच्या बाजूंवर, गुडघाभर उंचीपर्यंत पाहायचे. डाग रक्ताचा की पिकल्या पानाचा हे कळेना तर हायड्रोजन पेरॉक्साइड फवारावे, रक्त असेल तर फेस येतो. बसल्याची ऊबदार जागा सापडली तर तिथूनच परत फिरायचे आणि आणखी काही तास थांबायचे. हे फार थोड्यांना जमते.

आता बाण भलतीकडे का लागतो? पहिले कारण आवाज. सेकंदाला 280 फूट जाणाऱ्या बाणाला 30 यार्ड गाठायला सुमारे तिसरा हिस्सा सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या चौथ्या हिश्श्यात पोहोचतो. दचकलेले हरिण उडी घेण्यासाठी आधी पाय मुडपून खाली दबते आणि फुफ्फुसावर धरलेला नेम पाठीच्या स्नायूत जातो. मग मंडळी म्हणतात, बाण फुफ्फुस आणि कण्याच्या मधल्या ‘पोकळीतून’ गेला. अशी पोकळी नसते. फुफ्फुस कण्याला भिडलेले असते आणि कणा वाटतो त्याहून बराच खाली असतो. दुसरे कारण कोन: सहा मीटर उंच मचाणाखाली अगदी जवळ आलेल्या हरणाचे एकच फुफ्फुस कापले जाते आणि एका फुफ्फुसावर ते फार दूर जाते. तिसरे, बोथट पाते. ते रक्तवाहिनी कापत नाही, बाजूला सारते. ताणून धरलेल्या रबर बँडवर पाते हलकेच दाबावे. तो लगेच तुटला नाही तर ते पाते शिकारीचे नाही.

आता तो ‘पण’. फऱ्याच्या हाडावर अडलेला किंवा पाठीच्या मांसातून गेलेला बाण हरणाला बहुधा मारत नाही. अशा वेळी त्या शिकाऱ्याचा हंगाम संपला असे मी म्हणणार नाही. मात्र वहीत ‘जखमी’ लिहावे, ‘हुकला’ नव्हे. फुफ्फुस, यकृत किंवा पोटाची खूण बाणावर असेल आणि हरिण मिळाले नाही, तर ते मेले असेच धरून आपल्या वाट्याच्या हरणांतून वजा करावे, टॅग कोरा असला तरी. यात नवे काही नाही. अलास्काच्या आग्नेय पट्ट्यात आणि कोडियाकच्या भागात जखमी झालेले अस्वल कायद्यानेच वर्षाच्या मर्यादेत धरतात. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेत सर्वसाधारण रिवाज असा, की रक्त सांडले की जनावराची पूर्ण फी द्यायची, ते सापडो न सापडो. आपल्याकडे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत मारण्याचा प्रत्येक प्रयत्न आणि इजा करणेही शिकारीतच मोडते, म्हणजे हुकलेल्या बाणालाही सुटका नाही.

हरणांसाठी असा नियम सगळीकडे करावा का, याविषयी मला शंका आहे. टॅग जातो म्हटल्यावर काहीजण शोधायलाच जाणार नाहीत, बाण पुसून भात्यात घालतील आणि ते कोणालाही कळणार नाही. त्यापेक्षा हंगामाअखेर खाते पाठवते त्या प्रश्नावलीत ‘लागले पण मिळाले नाही’ असा रकाना असावा, निनावी चालेल.

लेखात मागाच्या कुत्र्यांचा उल्लेखच नाही, तोही हवा होता. आता बहुतेक राज्यांत लांब दोरीला बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढता येतो. पेनसिल्व्हेनियाने 2018 मध्ये परवानगी दिली. रक्त आटल्यावरही ही कुत्री माग धरतात. मात्र आधी दहाजणांनी रान तुडवले, की बुटांना लागलेले रक्त चहूकडे पसरते आणि कुत्र्याचे काम अवघड होते. म्हणून कुत्रेवाल्याला फोन शोधाशोधीच्या आधी करायचा. माग शेजाऱ्याच्या जमिनीत गेला, तर त्याची परवानगी घेऊनच पुढे जायचे.

आपला,
एक वाचक, लॅन्सिंग (मिशिगन)