सगळ्यांचे अठरा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पहाटे निघालास तेव्हा मी जागीच होते. बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला, मग दारापाशी तू जरा घुटमळलास तेही कळलं. उठले नाही. राग गेला नव्हता असं लिहिणार होते, पण उठून काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. सकाळी तुझ्या बाबांनी एवढंच विचारलं, "झालं समाधान?" आणि पेपर उघडून बसले. तासभर पान उलटलं नाही.

हे पत्र भांडण पुढे चालवण्यासाठी नाही. श्वासाबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. तुझा रेनकोट इथेच राहिला आहे. आत्याने गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं, तिला तू फोन कर, आमचं कुणाचं ती ऐकत नाही. "त्याला विचारते, तो त्यातला आहे," म्हणते. मला पस्तीस वर्षांत कधी असं म्हणाली नाही, असो.

पण तू जेवताना हसत हसत जे म्हणालास ते डोक्यातून जात नाही. "रेस्पिरेशन कोण मोजतं गं आई? सगळ्यांचे अठरा. मधेच कुणाला वीस." न मोजता लिहिलेले मिनिटाचे अठरा श्वास मी एक वेळ गिळले असते. त्या वीसने मला लागलं. सगळा रकाना अठराने भरला तर कुणाच्या तरी डोळ्यावर येईल, म्हणून मधूनमधून वीस. एखादं काम राहून जाणं वेगळं, आणि राहिलेलं काम झाल्यासारखं दिसावं म्हणून त्याला नटवणं वेगळं.

त्यावर मी जे बोलले ते मात्र बोलायला नको होतं. तुझ्या वॉर्डात माझं माणूस ठेवणार नाही, असं म्हणाले. ठेवलं होतं की! बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा दर दोन तासांनी त्यांची कूस कोण बदलत होतं? मी दमून झोपायचे आणि तू गजर लावून उठायचास. टाचा, माकडहाड, खांद्याची पाती, सगळं टॉर्च लावून बघायचास. अकरा आठवड्यांत त्यांच्या पाठीवर साधा लाल चट्टासुद्धा उठला नाही. तेव्हा तू नर्सिंग शिकतच होतास. मी माझ्या मैत्रिणींना फोन करून हे सांगितलं होतं, तुला मात्र कधी सांगितलं नाही. ते वाक्य मी मागे घेते.

आम्हाला श्वास मोजायला शिकवला तो दिवस मला आठवतो. आमच्या ट्यूटर सिस्टर म्हणायच्या, पेशंटला कळू द्यायचं नाही. आपला श्वास कुणी मोजतंय असं कळलं की माणूस नीट, शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, बोटं तिथेच ठेवायची आणि नजर छातीवर. पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर त्या मागून ओरडायच्या, "उरलेल्या अर्ध्या मिनिटात पेशंट श्वास घेत नव्हता का?" मला तेव्हा ते नाटकच वाटायचं. पुढे कळलं की त्या एका मिनिटात बाकीचंही दिसतं. नाकपुड्या फुलतात का, मानेचे स्नायू ओढले जातात का, बोलताना वाक्य मध्येच तुटतं का, ओठांचा रंग. माणसाकडे काही न करता नुसतं बघत उभं राहायला आपल्या कामात तेवढीच एक सबब मिळते.

तू दोन वर्षांचा होतास तेव्हा सगळे म्हणत होते साधी सर्दी आहे. मी तुझ्या पोटावर हात ठेवून मोजले तर ५२ भरले. पुन्हा मोजले. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याच्यावर गेले की न्यूमोनिया धरायचा, हे तेव्हाही शिकवत होते. त्या रात्री तुला उचलून घेऊन गेले ती चप्पल न घालताच. तू मला मिठी मारून धापा टाकत होतास आणि मी रस्ताभर मोजत होते. हे तुला आधी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही.

बघ, श्वासाबद्दल लिहायचं नाही म्हणाले होते.

आता लिहिलंच आहे तर पुरतं लिहिते. तुमच्या वॉर्डात तो रंगीत चार्ट असतो, गुण द्यायचा. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१२ साली तशी पद्धत काढली, २०१७ साली सुधारली. त्यात मोठ्या माणसाचे श्वास १२ ते २० असले तर गुण शून्य. २५ किंवा जास्त झाले, नाहीतर ८ किंवा कमी, तर एकदम तीन, आणि त्या एका आकड्यावर कुणीतरी तातडीने येऊन बघायचं. तुझे अठराही शून्यात बसतात आणि वीसही. म्हणजे तू नुसता रकाना भरत नाहीस. या माणसाला काही झालेलं नाही, असं सही करून देतोस. सॅच्युरेशन, रक्तातला ऑक्सिजन, चांगलं आहे म्हणून तू वाद घालत होतास. ऑक्सिजन लावलेल्या माणसाचं सॅच्युरेशन ९७ दिसत राहतं आणि तो आतून दमत असतो. रक्तात जंतू पसरायला लागले की बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो. दुखणं शमवायला मॉर्फिन दिलेल्याचा उलटा, हळूहळू कमी होत जातो, आणि आपल्याला वाटतं चला, शांत झोप लागली. हे सगळं तुला परीक्षेत येत होतं. मार्कशीट मीच लॅमिनेट करून आणली.

पुन्हा शिकवायला लागले. माफ कर. नोकरी संपली तरी खोड जात नाही.

तुझं म्हणणंही मला ऐकू आलं होतं, भांडताना कबूल केलं नाही एवढंच. रात्री ३४ पेशंट, तू आणि एक शिकाऊ मुलगी. प्रत्येकी एक मिनिट म्हटलं तर ३४ मिनिटं नुसत्या श्वासाची, त्यात कुणाची सलाईन थांबलेली, कुणाला इंजेक्शन, एक नवीन ॲडमिशन. गणितात तुझी चूक नाही. नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं अभ्यासली, २००२ साली छापून आलं. नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेले पेशंट तीस दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. आम्ही स्टाफ वाढवून मागायला गेलो होतो तेव्हा तो आकडा अर्जात मीच घातला होता. अर्ज कुठे गेला कुणास ठाऊक. पण एक विचार कर. तू रोज सगळे रकाने भरून देतोस, तेव्हा वर बसलेल्या माणसाला काय दिसतं? दोघांत ३४ पेशंट व्यवस्थित निभावतात. तुझ्यावर जो अन्याय होतोय त्याचा पुरावा तूच दर रात्री पुसून टाकतोस.

मोजायला जमलं नाही तर रकाना मोकळा सोड. इन्चार्ज सिस्टर बोलतील. बोलू देत. ऑपरेशन झालेला, ऑक्सिजनवरचा, मॉर्फिनवरचा, आणि ज्याच्याकडे बघून तुझ्या पोटात उगीच गोळा येतो तो, एवढे तरी पूर्ण मिनिट मोज. बाकीच्यांसमोर जागा मोकळी ठेवून "जमलं नाही" असं लिही. मोकळी जागा बघून पुढचा माणूस स्वतः जाऊन मोजेल. अठरा बघून जाणार नाही.

हे मला कसं माहीत ते आता लिहिते. बाबांनाही हे माहीत नाही, तेव्हा पत्र वाचून इकडेतिकडे ठेवू नकोस.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. सर्जिकल वॉर्ड, नाईट. आतड्याचं ऑपरेशन झालेला एक तरुण माणूस, चौथा दिवस. मी दोन वाजता टीपीआरचा, म्हणजे ताप, नाडी, श्वास बघायचा राउंड घेतला. नाडी १०४ भरली, दुखत असेल म्हटलं. ताप थोडा. श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २० लिहीत आले होते, त्याच्यापुढेही लिहिले. मोजले नाहीत. पेन सुद्धा उचलला नाही मध्ये. साडेचारला त्याची बायको धावत आली. तेव्हा मोजले ते ३६. डॉक्टर आले, त्यांनी चार्ट हातात घेतला आणि विचारलं, "दोनला वीस होते ना? म्हणजे हे आत्ताच, अचानक झालंय." अचानक म्हटल्यावर त्यांच्या मनात फुप्फुसात गुठळी अडकल्याचं आलं, आणि दीड-दोन तास सगळी धावपळ त्या दिशेने झाली. आत टाका सुटला होता. ते काही अचानक झालेलं नव्हतं, तासन् तास चाललं होतं. माझ्या हातून लिहिलेल्या विसाने त्यांना चुकीच्या दारात नेऊन उभं केलं. मी बाजूलाच उभी होते. "सर, मी मोजले नव्हते" हे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत.

तो वाचला. पुन्हा ऑपरेशन, तेवीस दिवस. घरी जाताना बायकोला घेऊन माझ्याकडे आला, सगळ्या वॉर्डासमोर म्हणाला की ह्या सिस्टर त्या रात्री धावल्या म्हणून मी आहे. मी ऐकून घेतलं. हात जोडले. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं असं नंतर पुष्कळ वर्षं वाटत राहिलं.

मला वाटलं होतं हे लिहिल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

१२ मेला, नर्सेस डेला, सगळीकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा काढतात. तुझ्या कॉलेजच्या भिंतीवरही होता. ती दिवा घेऊन फिरली हे खरंच, पण युद्धावरून परत आल्यावर तिने काय केलं? सैनिक कशाने मेले ते मोजून तक्ते काढले, आणि जखमांपेक्षा कितीतरी जास्त रोगांनी मेले, तेही टाळता येण्यासारख्या, हे सरकारपुढे मांडलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने सभासद करून घेतलेली पहिली बाई ती. भिंतीवर तिच्या हातात वही काढलेली मी कुठे पाहिली नाही.

मला सुरुवातीला डॉक्टरांना रात्री उठवायची फार भीती वाटायची. "सर, पेशंट बरा वाटत नाही" असं म्हटलं की पलीकडून ओरडा. तुम्हाला आता शिकवतात ना, आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुला काय वाटतं, काय करायला हवं, अशा क्रमाने बोलायला. चांगलं आहे. पण रात्री तीन वाजता फोनवर आपल्या "वाटण्याला" कुणी विचारत नाही, हे मी सांगते. "दोनला २२ होते, आता ३० आहेत" म्हटलं की पलीकडचा माणूस उठून बसतो. आपल्या हातात तेवढंच आहे बाळा, आणि ते खोटं असेल तर तेही नाही. एकदा चुकलं आणि चौकशी झाली की वरचे सगळे बाजूला होतील, कागदावर सही तुझी एकट्याची असेल. रात्री झोप लागत नाही ती पेशंटच्या काळजीने नाही. पेशंटला अजून कुणीतरी असेल. मला तुझी काळजी आहे.

माझं जुनं, ड्रेसला लावायचं घड्याळ तुला पाठवणार होते, सेकंदकाट्याचं. बाबा म्हणाले, नाटकं करू नकोस, त्याचा सेल गेलाय. सेल खरंच गेलाय. तेव्हा रेनकोट तेवढा पाठवते.

तुझी अजून तीन नाईट आहेत ना? आत्याला फोन कर. ड्यूटी संपल्यावर झोपायच्या आधी मलाही एक कर, पोहोचलो एवढं म्हण. मी श्वासाचं विचारणार नाही. तूच सांगितलंस तर ऐकेन.

तुझी,
आई