गाणे कोण म्हणते आहे, हे विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या, प्रत्येकावर पाळत ठेवणाऱ्या एका पक्षाच्या हुकूमशाहीवरील कादंबरीतील आशयसूत्रांना लोकप्रिय गाण्यांची जोड देण्याचा, मी इंग्रजी शिकवते त्या टी.वाय.बी.ए.च्या वर्गाचा प्रकल्प गेल्या महिन्यात पूर्ण झाला. त्यात तुमचे नाव कुठेही येऊ नये, असा तुमचा आग्रह होता. तो मी तेव्हा पाळला आणि या पत्रातही पाळते आहे. मात्र आभार चारचौघांत मानल्यावाचून मला राहवत नाही.

मी तुमच्याकडे आले ती खरे तर जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घ्यायला. सुई बदलून होईपर्यंत तुम्ही माझ्या हातातला कागद वाचायला मागितलात. त्यावर मी दोन रकाने आखले होते: डावीकडे पाळत, खोटा इतिहास, द्वेष, एकटेपणा असे विषय आणि उजवीकडे त्या त्या शब्दाशी जुळणारी गाणी. तुम्ही तो कागद बाजूला ठेवलात आणि विचारलेत, “ही गाणी म्हणतंय कोण, आणि कुणाला उद्देशून?” त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुढच्या तीन संध्याकाळी तुम्ही दुकान लवकर आवरून संपूर्ण कादंबरीची कथा माझ्याकडून ऐकून घेतलीत. इतक्या लक्षपूर्वक ती कथा ऐकणारा श्रोता मला आजवर वर्गातही मिळालेला नाही.

पहिली दुरुस्ती द पोलिस या बँडच्या १९८३ सालच्या ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ या गाण्याची झाली. त्यात सतत कुणाला तरी न्याहाळण्याची भाषा आहे, एवढ्यावरून मी ते कादंबरीच्या पहिल्या भागातल्या टेलिस्क्रीनशेजारी, म्हणजे घराघरांतून माणसांवर नजर ठेवणाऱ्या पडद्याशेजारी, मांडले होते. तुम्ही ते दोनदा ऐकलेत आणि म्हणालात, “हे पाळत ठेवणाऱ्याचं गाणं आहे. त्याला मात्र वाटतंय, आपण प्रेम करतोय.” ते लिहिताना आपल्या मनात बिग ब्रदर, म्हणजे कादंबरीतला सर्वांवर नजर ठेवणारा पक्षाचा सर्वोच्च नेता, असावा, असे गायक स्टिंग यांनी स्वतःच सांगितले आहे, आणि तरीही लोक ते प्रेमगीत म्हणून लग्नात वाजवतात. तुमच्या त्या एका वाक्यामुळे आम्ही हे गाणे पहिल्या भागातून उचलून तिसऱ्या भागात नेले. तिथे कैदेत पडलेल्या विन्स्टनला, म्हणजे कादंबरीच्या नायकाला, एक आवाज सांगतो की, गेली सात वर्षे मी तुझ्यावर लक्ष ठेवून आहे, आणि त्या आवाजात धमकीऐवजी जवळजवळ माया असते. कादंबरीच्या शेवटच्या वाक्यात विन्स्टन बिग ब्रदरवर प्रेम करू लागतो, ते मुलांना तोपर्यंत केवळ शरणागती वाटत होते. गाणे तिथे ठेवल्यावर त्यातली भीती त्यांना प्रथमच जाणवली.

त्यानंतर तुम्ही विचारलेत, “पुस्तकात कुणी गात नाही का?” हा प्रश्न मी इतकी वर्षे ही कादंबरी शिकवूनही स्वतःला कधी विचारला नव्हता. कादंबरीत गाणी आहेत, आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे गाणे अगदीच सुमार आहे. सामान्य जनतेसाठी, म्हणजे प्रोल लोकांसाठी, पक्षाच्या एका खात्यात यंत्रावर गाणी तयार होतात. माणसाचा हात त्यांना लागत नाही. विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया यांच्या भाड्याच्या खोलीखालच्या अंगणात एक धिप्पाड बाई लहान मुलांची दुपटी दोरीवर वाळत घालताना असेच एक गाणे म्हणत असते, आणि ती ते इतक्या सुरेलपणे म्हणते की, त्या कचऱ्याचेही जवळजवळ गोड गाणे होते. पक्षाचा सदस्य एकटा असताना आपणहून गाताना आपण कधीच ऐकला नाही, हे विन्स्टनला तिच्यामुळेच ध्यानात येते. द्वेष-सप्ताहासाठी पक्षाने तयार केलेले, ढोल बडवल्यासारखे गाणेही लोक रस्त्यावर म्हणतात, पण बाईचे ते रडके प्रेमगीत त्याच्या तोडीस तोड टिकून राहते. हे सांगताच तुम्ही वडिलांच्या दुकानातल्या आठवणी काढल्यात. १९५२ साली मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली, तेव्हा ती गाणी लावणारे रेडिओ सिलोन नीट लागावे एवढ्यासाठी लोक चांगले चालणारे रेडिओही दुकानात घेऊन येत. केसकरांचा हेतू अभिजात संगीत घरोघरी पोहोचवण्याचा होता, त्याची तुलना पक्षाशी करू नका, असे तुम्ही बजावलेत, आणि वर्गात मी ते तसेच सांगितले.

आणीबाणीची गोष्ट मात्र तुम्ही हात आखडता न घेता सांगितलीत. १९७६ साली किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली, ती गाण्यातल्या एखाद्या शब्दामुळे नव्हे, तर सरकारच्या प्रचाराला गळा द्यायला त्यांनी नकार दिला म्हणून. प्रेमाची, विनोदाची, पावसाची, सगळीच गाणी एका रात्रीत गप्प झाली. कादंबरीत एखादा माणूस नाहीसा होतो तेव्हा तो कधी नव्हताच, असे कागदोपत्री ठरवले जाते. त्या प्रकरणाशेजारी आमच्या मुलांनी या गायकाचे एकही गाणे न लावता तीन मिनिटे शांतता ठेवली. ही कल्पना त्यांची होती, पण तिचे बीज तुमच्या दुकानात पडले.

रेडिओच्या बाजूने पाहायची ही सवय लागल्यावर मला ऑरवेल यांचे चरित्रही वेगळे दिसू लागले. बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेला हा लेखक १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या पौर्वात्य विभागात भारतासाठी कार्यक्रम तयार करत होता, आणि वेणू चितळे ही मराठी निवेदिका तिथे त्यांची सहकारी होती. सरकारी ध्वनिक्षेपण आतून कसे चालते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते.

गायक डेव्हिड बोवी यांची १९७४ सालची गाणी थेट याच कादंबरीतून आली आहेत. तिच्यावर संगीत-नाटक करण्याची परवानगी ऑरवेल यांच्या पत्नीने नाकारल्यावर ती गाणी एका अल्बममध्ये गेली. रेडिओहेड या बँडचे २००३ सालचे ‘टू प्लस टू इक्वल्स फाइव्ह’ही तसेच थेट आहे: दोन आणि दोन पाच, हे पक्ष विन्स्टनकडून कबूल करून घेतो. दोन्ही आम्ही घेतली, परंतु कादंबरीचे नाव सांगणाऱ्या गाण्यांपेक्षा तिच्याशी काहीही संबंध नसलेल्या गाण्यांनी मुलांना अधिक शिकवले, असे माझे मत झाले आहे.

शेवटचा भाग तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. लंडनच्या चर्चच्या घंटांवरचे एक बालगीत कादंबरीत तुकड्यातुकड्यांनी सापडत जाते: थोडे दुकानदार चॅरिंग्टनकडून, थोडे ज्युलियाला तिच्या आजोबांनी शिकवलेले, थोडे पक्षाचा अधिकारी ओब्रायन याच्याकडून, आणि त्याची शिरच्छेदाची ओळ अटकेच्या क्षणी चॅरिंग्टनच्याच तोंडून ऐकू येते. त्याला जोड म्हणून कोणतेही प्रसिद्ध गाणे पुरेना, तेव्हा मी मुलांना घरातल्या वृद्ध माणसांकडून अर्धवट आठवणारी गाणी आणायला सांगितले. अकरा जणांनी ओव्या आणल्या, आणि त्यांतल्या सात अपुऱ्या होत्या. एका मुलीची आजी पहिली ओळ म्हणून थांबली, जाते फिरवल्यासारखा हात फिरवत राहिली, आणि दुसरी ओळ तिला आठवली नाही. ते ध्वनिमुद्रण मुलीने तसेच लावले, मध्येच तुटलेले.

त्याची प्रत मी पत्रासोबत पाठवत आहे. तुमच्या लहानपणी ऐकलेल्या ओव्यांत ती पुढची ओळ कुठे असेल, तर कृपया लिहून ठेवावी. येत्या रविवारी तुमच्या रेकॉर्ड परत करायला मी येईन, तेव्हा त्या मुलीलाही बरोबर आणते.

आपली कृतज्ञ,
इंग्रजीची एक प्राध्यापिका