आधी रिकामी खाच पाहा: वेंडलांडच्या सुतारांना आभाराचं पत्र

आदरणीय मिस्त्री,

स. न. वि. वि.

वेंडलांडमधल्या ल्यूबेल्न गावी तुम्ही आम्हाला घर वाचायला शिकवलंत, त्याबद्दल हे पत्र. मराठीत आणि उघड लिहितो आहोत, कारण जर्मनीतली जुनी गावं हिंडणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाला तुमच्यासारखा माणूस भेटेलच असं नाही. तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेल.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लोअर सॅक्सनीतल्या ल्यूखोव-डानेनबेर्ग जिल्ह्यात गोल गावं आहेत. मधे मोकळा चौक, भोवती घोड्याच्या नालासारखी घरं, आत शिरायला मुळात एकच वाट. प्रत्येक घराची त्रिकोणी दर्शनी बाजू चौकाकडे, आणि मागची जागा कलिंगडाच्या फाकीसारखी बाहेर रुंदावत गेलेली. चर्च असलंच तर बहुधा वर्तुळाबाहेर. शत्रूपासून किंवा लांडग्यांपासून बचावासाठी गाव गोल बांधलं, ही गोष्ट पर्यटकांना फार आवडते. तुम्ही ती हसून बाजूला सारलीत, ते बरं केलंत. 12व्या शतकात स्लाव शेतकऱ्यांना जमिनी वाटून देताना आखलेली ही वसाहत असावी, हेच पटतं. फाकीसारखे तुकडे आपोआप पडत नाहीत, कोणीतरी आखून दिलेले असतात.

आता मुख्य धडा. आपल्या वाड्याला दारावर गणेशपट्टी असते, तशी इथल्या मोठ्या दाराच्या तुळईवर कोरलेली पट्टी असते: नवरा-बायकोची नावं, बायबलमधलं वचन, घर उभारल्याची तारीख, कधी सुताराचंही नाव. येणारा प्रत्येक जण तिचा फोटो काढतो आणि घराचं वय ठरवून मोकळा होतो. पट्टी शेवटी वाचायची, हे तुम्ही बजावलंत. ती तुळई आधीच्या घरातून आणलेली असू शकते. उलट, पट्टी नवी आणि आतला सांगाडा जुना, असंही असतं.

म्हणून आधी रिकामी खाच शोधायची. खांबाला खाच आहे पण तिच्यात कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं घडवलेलं टोक, बसलेलं नाही, खुंटीचं भोक आहे पण जोड नाही, तर ते लाकूड दुसऱ्या घरातून आलं आहे. मग छिन्नीने कोरलेले रोमन आकडे पाहायचे. सांगाडा आधी जमिनीवर जुळवत, आकडे घालत, सोडवत आणि मग उभा करत. त्यामुळे आकडे ओळीने यायला हवेत. मधेच एखादा तुटला तर तिथलं लाकूड नंतर बदललेलं. चार हा आकडा चार उभ्या रेघांनी लिहितात, कारण लाकूड उलटं धरलं की चार आणि सहा यांची गल्लत होते. ही एक गोष्ट माहीत नसेल तर अख्खी नोंद चुकते.

यानंतर खांबांच्या रांगा. जुन्या घरात मधल्या दोन रांगांवरच छपराचा भार असतो, बाजूच्या भिंती बुटक्या. पुढच्या काळातल्या घरात चार रांगा, भिंतीही भार घेतात. मधल्या रुंद जागेत मळणी, दोन्हीकडे गुरं, माळ्यावर धान्य, टोकाला उघडी चूल. धुराडं नव्हतंच. धूर छपरातून झिरपायचा आणि लाकडाला कीड लागू द्यायचा नाही. 18व्या-19व्या शतकातली मोठी घरं जवसाच्या आणि तागाच्या कापडाच्या कमाईवर उभी राहिली, असा घोळ आमच्या एका टिपणात होता. ताग नव्हे, जवसाचंच, ही दुरुस्ती तुमची.

वलयं मोजून लाकडाचं वय काढायचं तर सालीलगतची शेवटची कड शाबूत हवी. ती असेल तर झाड तोडल्याचं वर्ष मिळतं. कड तासून गेली असेल तर ओकच्या बाबतीत गेलेल्या दहा ते तीस वलयांचा अंदाज धरावा लागतो. पन्नासच्या आत वलयं असतील तर नमुन्यासाठी भोक पाडूच नये. शिवाय लाकडं ओली असतानाच घडवत, त्यामुळे तोडल्याचं आणि उभारल्याचं वर्ष जवळपास असतं, हा मोठा आधार.

आगीचंही लक्षात ठेवलंय. साटेमिन गाव 1850 मध्ये जळलं आणि पुन्हा बांधलं गेलं, म्हणून तिथली घरं भावंडांसारखी एकसारखी दिसतात. एकसारखेपणा दिसला की आधी आग विचारायची.

लाकडात न सापडणारं एक मात्र कागदावरच आहे. याच भागातल्या ज्यूटेन गावचा शेतकरी आणि खानावळवाला योहान पारुम शुल्त्से (1677–1740) याने आपल्या वहीत लिहून ठेवलं की आपण आणि गावातली आणखी तीन माणसं गेली की कुत्र्याला वेंडी भाषेत, म्हणजे इथल्या स्लावांच्या जुन्या बोलीत, काय म्हणतात हेही कोणाला सांगता येणार नाही. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. मूळ वही हरवली, नकला उरल्या. वुस्ट्रोचे पाद्री ख्रिस्तियान हेनिग यांनी याच भाषेचा शब्दसंग्रह केला, तोही पहिली टिपणं आगीत गेल्यावर पुन्हा.

आणि सिमेंट. कुडाच्या भिंतीत ओकचे दांडे, त्यावर विणलेल्या फांद्या, त्यावर पेंढा घातलेली माती. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, ते लाकडालगत साचतं आणि सगळ्यात आधी जोत्यावरची आडवी तुळई कुजते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते. तुम्ही सुरी टेकवलीत आणि पातं मुठीपर्यंत आत गेलं. चुना किंवा माती, तिसरं काही नाही, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही.

कुड लिंपायला बोलावलंत, येतो. मात्र उन्हाळ्यातच. उशिरा लिंपलेली माती थंडीआधी सुकत नाही, आतलं पाणी गोठून फुगतं आणि वसंतात पापुद्रे सुटतात, हे तुमच्याकडूनच शिकलोय.

आपले,
जुन्या लाकडी घरांचं काम करणारे आम्ही काही जण