दादरच्या फुलवाल्या मावशींना, मनोरीच्या आत्यातर्फे आणि माझ्यातर्फे मनापासून थँक्यू

मावशी,

समोर बोलायला गेलं की तुम्ही "गिऱ्हाईक बघू दे गं" म्हणून मला बाजूला सारता, म्हणून हे लिहून काढतेय. तुमची मुलगी वाचून दाखवेल. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय तर नाव नाही घालत, दादर वेस्टला फुलगल्लीच्या तोंडाशी वसईवरून सोनचाफा घेऊन येणाऱ्या कितीतरी जणी बसतात, त्यातल्या एक तुम्ही, एवढंच लिहिते. पण सगळ्यांसमोर आभार मानायचेच आहेत मला, कारण तुम्ही जे केलंत ते नुसतं फुलं विकणं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझी आत्या मनोरीला राहते. मुंबईतच, पण खाडीपलीकडे. मालाड स्टेशनवरून 272 नंबरची बस पकडायची, मार्व्याला उतरायचं, तिथून होडी, आणि होडीतून उतरलं की एकदम वेगळंच गाव, नारळाची झाडं, क्रॉस, वाळत घातलेली जाळी, दुपारी तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. रस्त्याने जायचं तर भाईंदरवरून उत्तन करत लांबचा वळसा. आत्या लग्न होऊन तिथे गेली ती तिथलीच झाली, शाळेत शिकवायची, आणि आख्ख्या आयुष्यात तिला मी बिनवेणीची पाहिलेली नाही. अंगणात सोनचाफा होता तिच्या, 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं त्यात तो मुळासकट पडला. तेव्हापासून फुलं विकत.

या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला तिला स्ट्रोक आला. उजवा हात आणि थोडं बोलणं. हॉस्पिटलमधून घरी आली पण नुसती खिडकीकडे तोंड करून पडून राहायची, फिजिओथेरपीवाल्या मॅडम आल्या की हात पुढे करायची, त्या गेल्या की परत तसंच. मी परळला, नोकरी अशी की रविवारशिवाय जमत नाही, आणि फोनवर ती बोलायचीच नाही. म्हणून मला वाटलं निदान फुलं तरी पाठवू. एका ॲपवरून ऑर्डर केली, ॲपने पत्ता घेतला, पैसे घेतले, आणि रायडर बिचारा मार्व्याला उभा राहून फोनवर विचारतोय, मॅडम पुढे तर पाणी आहे, जायचं कुठून? त्याची काही चूक नव्हती, त्याच्या मॅपवर अंतर थोडंसंच दिसत होतं. ऑर्डर कॅन्सल. दुसऱ्या ठिकाणाहून पाठवली ती पोचली संध्याकाळी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली जरबेराची फुलं, माना टाकलेली. आत्याने बघितलं पण नाही म्हणे.

त्यानंतर मी दादरला तुमच्याकडे आले, मावशी. खरं तर मी फक्त विचारत होते की चाफा किती तास टिकतो. तुम्ही मलाच उलटे प्रश्न सुरू केलेत, कोणासाठी, वय काय, राहते कुठे, केसात माळते की देवाला वाहते, हात चालतो का. मनोरी म्हटल्यावर तुम्ही पाटीवरचं फडकं बाजूला करत जे बोललात ते मला अजून जसंच्या तसं आठवतंय, "अगं, मालाडवरून तर रोज येते मी. ही फुलं तिच्या दारावरून पुढे येतात आणि तू दादरवरून परत मागे पाठवायला बघतेस." इतकं साधं होतं आणि माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! वसई रोड ते दादर चाळीसेक किलोमीटर तुम्ही पहाटेच्या लोकलने येता, मालाड मध्येच. फक्त तिथे कोणीतरी घ्यायला उभं पाहिजे.

तो माणूसही तुम्हीच काढलात. माझ्याकडून आत्याच्या शेजारपाजारची सगळी चौकशी केलीत आणि शेजारचा मुलगा मालाडला कॉल सेंटरमध्ये नाइट शिफ्ट करतो म्हटल्यावर म्हणालात, झालं की मग काम. त्याचेही आभार, तो हे वाचेल नक्की. रात्रभर हेडफोन लावून बसायचं, शिफ्ट सुटली की झोपायला घरी न धावता प्लॅटफॉर्म तिकीट काढून लगेजचा डबा जिथे लागतो तिथे उभं राहायचं. मी एकदा मुद्दाम बघायला गेले होते. अजून उजाडलं नव्हतं, गाडी शिरली, डब्याच्या दारात पाट्यांच्या मध्ये तुम्ही एक हात दांड्याला धरून वाकलेल्या, दुसऱ्या हातात केळीच्या पानाचा पुडा, गाडी थांबते ती अर्धं मिनिटसुद्धा नाही, त्यात पुडा त्याच्या हातात, "उन्हात धरू नको रे, आणि बॅगेत कोंबू नको!" आणि गाडी निघाली पण. मला हाक मारायचंही सुचलं नाही.

दर गुरुवारी हे तुम्ही करत आलात. आणि पुडा कसा! आत्याच्या हातात आला तेव्हा मी रजा टाकून तिथे होते त्या दिवशीचं सांगते. वरून केळीचं पान, सोपटाने म्हणजे केळीच्या वाळक्या दोऱ्याने बांधलेलं, गाठ अशी की एका हाताने ओढली तरी सुटेल (हे मुद्दाम केलं होतं हे मला नंतर कळलं). आत ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं, त्यात चाफा, पण पूर्ण उमललेला एक पण नाही, सगळ्या टपोऱ्या अर्धवट मिटलेल्या. तुम्ही सांगितलेलं, की उमललेला चाफा प्रवासात एकमेकांवर घासला की पाकळी काळी पडते, कळी पाठवली की पोचल्यावर उमलते. पहाटे बॅटरीच्या उजेडात उठून तोडायचा तो त्यासाठीच. मोगऱ्याचं पण तसंच, कळी संध्याकाळी फुलते, म्हणजे सकाळी होडीतून गेलेला मोगरा आत्याच्या घरी दिवेलागणीला वास सोडायला लागतो. फुलं पाठवायची म्हणजे पोचायच्या वेळेला ती फुललेली पाहिजेत, निघायच्या वेळेला नाही. आणि मे महिन्यात तुम्ही निरोप पाठवलात की आंब्याच्या पेटीजवळ ठेवू नका. नंतर मी वाचलं तर खरंच, पिकणारी फळं एथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने फुलं लवकर कोमेजतात. तुम्हाला वायूचं नाव माहीत नसेल, पण अनुभवाने सगळं माहीत.

पण मला सगळ्यात जास्त ज्याच्यासाठी थँक्यू म्हणायचंय ते वेगळंच आहे. मी तुमच्याकडे तयार वेणी मागितली होती. तुम्ही दिली नाहीत. म्हणालात, "आयती वेणी डोक्यात घालून ती परत भिंतीकडे तोंड करून पडेल. सुट्टी फुलं देते. हाताला काम दे तिच्या." मला तेव्हा रागच आला होता थोडा, आजारी बाईला कसलं काम. पण तुम्ही पहिल्यांदा शेवंती पाठवलीत, मोठी फुलं, जाड सुई आणि दोरा ओवूनच. शेवंती तुमच्या वाडीतली नाही, ती तुम्ही आदल्या दिवशी दादरच्या मार्केटमधून घेऊन वसईला नेलीत, रात्रभर गारव्याला ठेवलीत आणि दुसऱ्या दिवशी परत गाडीत घेऊन आलात, हे तुमच्या मुलीने सांगितलं म्हणून कळलं, तुम्ही कधी बोलला नसतात.

आत्याने पहिले दोन आठवडे सुई हातात पण घेतली नाही. मग एका गुरुवारी शेजारच्या मुलाने व्हिडिओ पाठवला, आत्या पलंगावर बसलीये, उजव्या हाताने शेवंती कशीबशी धरलीये, डाव्या हाताने सुई, तोंडाने काहीतरी पुटपुटतेय, फूल पडतं, परत उचलते. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. फिजिओच्या मॅडम म्हणाल्या बोटांसाठी हाच व्यायाम मी मणी ओवायला देऊन सांगितला होता, पण मण्यांना आत्याने हातच लावला नव्हता. व्यायाम त्यांनीच करून घेतला, त्यांचे कष्ट आहेतच, पण आत्याला करावंसं वाटलं ते तुमच्या फुलांमुळे, हे त्याही मान्य करतात. उन्हाळ्यात तुम्ही शेवंती बंद करून मोगऱ्याच्या कळ्या सुरू केल्यात, सुई बारीक केलीत. पावसात जुई. आता श्रावण सुरू झाल्यावर तुम्ही सुई पाठवलीच नाहीत, फक्त सोपट पाठवलंत, म्हणजे आता गाठी मारून वेणी बांधायची. आणि तिने बांधली, मावशी. वाकडीतिकडी आहे, एका बाजूला फुलं दाट, एका बाजूला विरळ, पण तिने बांधली, आणि फोनवर मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. स्पष्ट.

जुलैमध्ये वाऱ्यापावसाने होडी बंद होती तेव्हा पुडा मार्व्यावरून परत आला, त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. खरं तर तुम्ही फुलांचे तेवढे घेता, नेण्याआणण्याचे कधीच नाही, मी जीपेवर जास्त टाकले की पुढच्या गुरुवारी तेवढी फुलं जास्त येतात. हे मला अजिबात पटत नाही आणि यावर मी तुमच्याशी भांडणार आहे. पालिकेची गाडी आली की पाटी उचलून पळायची वेळ तुमच्यावर आठवड्यातून कितीदा येते ते मी डोळ्यांनी बघितलंय, फुलं तुडवली जातात ते पण बघितलंय. त्या दिवसांतही गुरुवार चुकला नाही.

आणि जे वाचताय त्यांना एक सांगते, गोराई, मनोरी, मढ, एरंगळ, तुमचं कोणी म्हातारं माणूस खाडीपलीकडे असेल तर ॲपच्या आधी पहाटेच्या लोकलमधल्या या बायकांशी बोला. मोबदला नीट द्या, आणि चाफा कळीचा मागा.

मावशी, आत्याचा निरोप असा आहे: नारळी पौर्णिमा झाली की गावच्या होड्या परत समुद्रात जातील, मासळी ताजी येईल, तुम्ही जेवायला यायचं. गणपतीत तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते हे तिला माहितीये, तेव्हा विसर्जन झालं की पहिला सोमवार धरलाय तिने. शेजारचा मुलगा मालाड स्टेशनवर घ्यायला येईल, मी मार्व्याला उभी असेन. पाटी आणायची नाही, फुलं आणायची नाहीत, मुलीला आणायचं. पापलेट खाता की सुरमई एवढं या गुरुवारच्या आत मुलीकडून कळवा, आत्या रोज विचारतेय.

तुमची,
परळची पोरगी