जुन्या बाजाराची जागा नकाशावर शोधू नका : महापौरांना खुलं पत्र

महापौर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

जुन्या बाजारासाठी, म्हणजे जुन्या-वापरलेल्या वस्तूंच्या बाजारासाठी जागा बघताय असं कळलं. बरं वाटलं आणि लगेच थोडी धाकधूकही झाली, कारण अशा वेळी काय होतं ते ठरलेलंय, टेबलावर नकाशा पसरायचा, रिकामी दिसेल त्या जागेवर बोट ठेवायचं, आणि ती जागा नेमकी शहराच्या पार टोकाला बायपासच्या पलीकडे निघते. मोठी, मोकळी, कुणाची तक्रार नाही. तक्रार नाही कारण तिथे माणूसच फिरकत नाही ना!

मी बरीच वर्षं असल्या बाजारांत जुने रेडिओ आणि त्यांचे पार्ट शोधत हिंडतोय. म्हणजे मी मुद्दाम जाणारा झालो, मला कुठेही पाठवा, येईन. पण पथारी लावणाऱ्याचं पोट माझ्यासारख्यांवर नाही भरत, ते भरतं दुसऱ्याच कामाला निघालेल्या, वाट वाकडी करून पाच मिनिटं डोकावणाऱ्या आणि गरज नसताना टेबललॅम्प उचलून घरी नेणाऱ्या माणसावर. तो माणूस बायपासला येत नाही. आणि विकणारासुद्धा, ज्याच्याकडे टेम्पो आहे तो येईल, पण डोक्यावर गाठोडं घेऊन पहिल्या बसने येणारी बाई काय करेल? खरा गमतीचा माल तिच्याच गाठोड्यात असतो हो.

आता कुणीतरी तुम्हाला पॅरिसचं उदाहरण देईल. तिथे एकोणिसाव्या शतकात चिंध्या-भंगार गोळा करणाऱ्यांना शहराच्या तटाबाहेर हुसकलं, ते सेंट-उआँला जाऊन बसले, आज तो जगप्रसिद्ध पिसवांचा बाजार, म्हणजे फ्ली मार्केट, म्हणजे त्यांचा जुना बाजार आहे, मग आपणही पाठवू की बाहेर. पण तिथलं बाहेर म्हणजे वेशीला चिकटून, पायी जाण्याइतकं, आणि आता मेट्रोचं स्टेशनही चालत गाठता येतं. आपल्याकडे बाहेर म्हणतात ते वेगळंच.

त्यापेक्षा ॲम्स्टरडॅमचं बघा. वॉटरलूप्लेनच्या चौकात नगरपालिकेची इमारत आणि ऑपेरा बांधायचा म्हणून 1977 साली बाजार उठवला, पण ठेवला जवळच्याच रस्त्यावर, आणि 1988 ला परत चौकात आणला. बार्सिलोनाच्या एन्कांत्स बाजाराला 2013 मध्ये नवी जागा दिली, तीसुद्धा त्याच ग्लोरीज चौकाच्या परिसरात, वर उंच आरशांचं छप्पर घालून. छप्पर जरा मिरवण्यासारखंच आहे, मला विचाराल तर आरसे नसते तरी चाललं असतं, पण गिऱ्हाईक तुटलं नाही हे महत्त्वाचं. ब्रुसेल्समध्ये तर जुन्या बाजाराच्या चौकाखाली पार्किंग खणायचा घाट 2014 ला घातला होता, रहिवासी आणि विक्रेते दोघंही उठले, शेवटी तो बेत सोडावा लागला. रहिवासी बाजाराच्या बाजूने उभे राहिले, हे जरा लक्षात घ्या, शेजारच्यांना कायम त्रासच होतो असं काही नाही.

माझं म्हणणं एवढंच की रिकामी जमीन शोधण्यापेक्षा रिकामा वेळ शोधा. शहराच्या मधोमध कितीतरी जागा आठवड्यातले पाच-सहा दिवस गच्च भरलेल्या आणि सुट्टीच्या दिवशी ओस असतात. सरकारी ऑफिसांचं पार्किंग घ्या. जमीन पक्की, पाण्याचा निचरा झालेला, दिवे लागलेले, बस समोर थांबते, आणि संडासाला फक्त कुलूप असतं ते उघडायचंय. मी एक बाजार मातीच्या मैदानावर हलवलेला बघितलाय, पहिल्याच पावसात सगळा चिखल, एका आजोबांच्या रेडिओची मागची पुठ्ठ्याची पाठ भिजून लगदा झाली होती आणि ते ती हातात धरून नुसते उभे होते. पुढच्या वेळी ते काही दिसले नाहीत.

बाकी फक्कीने रेषा मारून प्रत्येकाला नंबर द्या, मधून अँब्युलन्स जाईल एवढी वाट सोडा, गाड्यांनी उजाडायच्या आत माल उतरवून निघून जायचं, हे तुमच्या लोकांना सांगायला नको.

पण एक गोष्ट लिहून द्या. दिवस ठरला की ठरला. लिस्बनचा फेरा दा लाद्रा मंगळवारी आणि शनिवारी भरतो, माद्रिदचा एल रास्त्रो रविवारी आणि सणासुदीला, लोकांना पत्ता विचारावा लागत नाही की वार विचारावा लागत नाही. आपल्याकडे आज मंत्र्यांची सभा, पुढच्या आठवड्यात कसलं तरी प्रदर्शन, मग बाजार रद्द, आणि निरोप मिळतो तो गाठोडं घेऊन पोचल्यावर गेटवर. असं दोन-तीनदा झालं की गिऱ्हाईक पण सुटतं आणि विकणारा पण. जी जागा वर्षभर त्या एका वारी नक्की देता येईल तीच घ्या, मग ती थोडी लहान असली तरी चालेल. सुरुवातीला लहानच बरी खरं तर, गर्दी दिसली की गर्दी वाढते.

ठराव करायच्या आधी एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला, ताफा न आणता, त्या पार्किंगमध्ये येऊन उभ्या राहा. बसनेच या, म्हणजे पहिली बस किती वाजता येते तेही कळेल.

आपला,
पहाटे टॉर्च घेऊन भंगारात डोकं घालणारा एक नागरिक