आजीच्या इरकलचा गाऊन

खानापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुनंदा,

"आजीच्या लुगड्याला कात्री लावायचं धाडस तुला झालं कसं?" असं तू विचारलंस, तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. काल गाऊन घरी आला. आता सांगते.

धाडस माझं नव्हतंच. रिसेप्शनला गाऊन घालायचा आणि तो आजीच्या इरकलचाच, एवढंच मी ठरवलं होतं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. श्रावणातल्या सोमवारी आजी हेच लुगडं नेसून कपिलेश्वराला जायची, ते आईच्या डोळ्यांपुढे होतं. मग मावशीने वडगावच्या अक्कांचं नाव सुचवलं. बसने बेळगाव, तिथून रिक्षा. गल्लीत शिरलं की मागांचा खटखटाट सुरू होतो, आणि त्याच गल्लीत अक्कांचं शिवणयंत्र. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड.

मी मोबाइलमधले फोटो पुढे केले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि लुगडं दारातल्या उजेडात धरलं. हातभर पुढे सरकवायचं, पुन्हा धरायचं, असं करत नऊच्या नऊ वार बघितलं. बसून-उठून विरलेल्या जागी खडूने खुणा केल्या. पदराचं लाल रेशीम घडीच्या रेघांवर चिरत चाललं होतं, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दर वेळी त्याच घडीवर घडी घालून आम्हीच ते कमकुवत केलं होतं. तुझ्या आईच्या साड्याही कपाटात तशाच असतील, तर आजच काढून घड्या बदल. एवढं काम हे पत्र वाचून झाल्यावर लगेच कर.

मला फोटोतल्यासारखा कळीदार घेर हवा होता आणि तळाला काठही हवा होता. अक्का म्हणाल्या, दोन्ही जमणार नाही. कळ्या जोडल्या की घेराचा तळ गोल होतो, आणि विणलेला काठ सरळ असतो, तो गोलाईवर वळत नाही, चुण्या पडून वर उचलला जातो. "काठ पाहिजे की कळ्या, तू सांग गे." मी काठ म्हटलं. तेव्हा त्यांनी लुगडं आडवं माझ्या कमरेला लावून दाखवलं. पन्हा कमरेपासून टाचेपर्यंत पुरून उरला! म्हणजे लुगड्याची रुंदी ही घेराची उंची, आणि खालचा काठ जसाच्या तसा पायाशी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, त्यातलं चार मीटर घेराला. वरचा काठ उसवल्यासारखा अलगद कापून गळ्याला आणि बाह्यांना लावला. आई तिथेच बसली होती. ती पहिल्यांदा पुढे वाकून बघायला लागली.

पदराला मात्र त्यांनी हात लावला नाही. इरकलमध्ये अंगाचे ताणे, म्हणजे उभे धागे, आणि पदराचे ताणे फासे अडकवून जोडलेले असतात. पदराचा तो सांधाच इरकलची ओळख, आणि जुन्या लुगड्यात त्यावर ताण पडू द्यायचा नाही, असं अक्कांचं म्हणणं. म्हणून सांध्याच्या अलीकडे वीतभर अंग ठेवून कापलं, पदराला मागून मलमल लावली, आणि तो खांद्यावर हुकांनी अडकवला. हूक काढले की पदर अख्खा वेगळा. आईने तो सर्वांत जास्त वेळ हातात धरला होता.

चोळीचा भाग त्यांनी आधी मांजरपाटात शिवला, इरकलला कात्री नंतर. मांजरपाट आणि अस्तराचं सुती कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड गोळा होतं. आपल्या पावसात ते वाळायलाच तीन दिवस गेले! ट्रायलला मी पोट आत ओढून उभी राहिले, तर लगेच ओरडल्या, "श्वास सोड, जेवायला बसायचं आहे तुला." मग हात वर करायला लावले, पाटावर बसवलं, आणि वाकून पाया पडायला लावलं. वाकल्यावर पाठ ओढली. टक्स उसवून पुन्हा घातले. चार मीटर कापडाच्या मिऱ्या कमरेवर गोळा होऊन मी जाड दिसत होते, म्हणून पुढची बाजू सपाट ठेवून मिऱ्या बाजूंना आणि मागे वळवल्या. तळाची उंची माझ्या सँडल घालूनच धरली. तुरपाई हाताने घातली आहे, काठावर बाहेरून टाका दिसत नाही.

बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली आहे. मी विचारलं, एवढी कशाला? "पोरं झाल्यावर नको घालायला?" आई हसली. दोन महिन्यांनी हसली गं.

गळ्याच्या मागे कशिदा आहे, छोटं तुळशीवृंदावन, धागे मोजून काढलेलं. आत बघितलं तर एक गाठ नाही. तो तुला फोटोत नीट दिसणार नाही, आलीस की दाखवते.

तुझ्या आईची ती डाळिंबी साडी घेऊन ये. गाऊनच शिवायचा असं ठरवून येऊ नकोस, अक्कांना आधी उजेडात धरून बघू दे. शनिवारी सकाळी लवकर निघूया, आणि सँडल विसरू नकोस.

तुझीच,
माधवी