खारबांध फुटण्याआधी उघाडीकडे पाहा

महोदय,

पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत, उधाणाचे पाणी भातशेतीत घुसल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. बातमीपाठोपाठ पंचनामा होतो आणि पंचनाम्यापाठोपाठ भरपाईची मागणी. बांध फुटला एवढे सगळ्यांना कळते, पण तो का फुटला आणि फुटण्याच्या चार महिने आधी काय करायला हवे होते, हे फारसे कुठे छापून येत नाही. म्हणून हे पत्र.

खारजमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. बाहेरचा बांध खाडीला अडवतो आणि बांधातली उघाडी, म्हणजे झडप असलेली मोरी, पावसाचे पाणी बाहेर सोडते. उघाडीचे झडप खाडीच्या बाजूला टांगलेले असते. भरतीला बाहेरचे पाणी ते दाबून बंद करते, ओहोटीला आतले पाणी ते ढकलून उघडते. वीज नाही, यंत्र नाही. पण हे झडप बिघडले की बांध धड असूनही शेत जाते, आणि बरेचदा पुढे बांधही जातो.

बिघाड ठरावीक असतात. लोखंडी बिजागरी खाऱ्या हवेत गंजून अडकते. ओंडका किंवा प्लॅस्टिकचा गोळा झडप आणि चौकटीच्या मध्ये बसतो आणि चार बोटांची फट राहते. प्रत्येक भरतीला तिथून खारे पाणी आत येते, दिवसातून दोनदा. बाहेरच्या चरात गाळ साचला तर झडप उघडतच नाही. मग आत पावसाचे पाणी तुंबते, भात कुजते आणि कोणीतरी नाइलाजाने बांध कापून पाणी सोडतो. शेवटचा बिघाड सगळ्यांत घातक आणि चटकन डोळ्यांना न दिसणारा आहे. उघाडीचे दगडी किंवा काँक्रीटचे काम आणि मातीचा बांध जिथे भेटतात, त्या सांध्यातून पाणी वाट काढते. आधी नुसता ओलावा दिसतो, मग गढूळ धार. पाझर स्वच्छ असेल तर दुरुस्ती काही दिवस थांबू शकते. धार गढूळ झाली म्हणजे आतली माती वाहू लागली, तेव्हा त्याच ओहोटीला तिथे माती ठोकायला हवी.

उघाडी किती मोठी हवी, याचा हिशेब कोणालाही करता येईल. 100 हेक्टरच्या खारीत दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर पाणी जमते. कोकणात असा पाऊस दर मोसमात पडतो. आतल्या-बाहेरच्या पातळीत फूटभर फरक धरला तर एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच दारातून सेकंदाला साधारण दीड घनमीटर पाणी जाते. दोन ओहोट्या मिळून नऊ तास निचरा झाला तर अशी दोन दारे जेमतेम पुरतात. तोच वेळ सहा तासांवर आला तर तीन दारे लागतात.

हवामानबदलाची खरी झळ इथे बसते. उत्तर हिंदी महासागराची पातळी 1993 ते 2015 या काळात वर्षाला सरासरी 3.3 मिलिमीटरने वाढल्याचे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालात आहे. आकडा लहान वाटेल, पण खारेपाटातला निचरा वीत-दीड वीत उंचीच्या फरकावर चालतो. बाहेरची पातळी थोडी जरी वर राहिली तरी झडप उशिरा उघडते आणि लवकर मिटते. जुन्या मोजमापाने बांधलेली उघाडी नुसती दुरुस्त करणे आता पुरेसे नाही, दारे वाढवावी लागतील. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात बांधाची लांबी-उंची ठळक असते, हा हिशेबही तितकाच ठळक हवा.

शेतात खारे पाणी शिरल्यावर काय होते, तेही आकड्यांत पाहावे. हेक्टरभर शेतात 10 सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते 1000 घनमीटर होते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असते, म्हणजे एका हेक्टरवर 35 टन. पावसाळ्यात खाडीचे पाणी कमी खारट असते आणि बरेच मीठ ओहोटीला परतही जाते, पण उघाडी तुंबलेली असेल तर ते मुरते. मग जमीन धुवायला दोन-तीन पावसाळे जातात. धुण्याची रीत म्हणजे गोडे पाणी शेतात उभे करायचे, मीठ विरघळू द्यायचे, ओहोटीला सोडायचे आणि पुन्हा भरायचे. म्हणजे त्यालाही चालू उघाडीच लागते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-1, 2 आणि 3 हे भाताचे वाण थोडा खारेपणा सोसतात, पण उधाणाखाली बुडालेले शेत कोणताही वाण वाचवू शकत नाही.

बांधाबद्दल. मुरमाचा बांध लवकर उभा राहतो आणि पाहणीत छान दिसतो, पण मुरमातून पाणी झिरपते. गाभा चिकणमातीचाच हवा, 15 ते 20 सेंटिमीटरचे थर देऊन ठोकलेला. नवी माती बसते, म्हणून उंची दहा-पंधरा टक्के जास्त ठेवावी. माती बांधाच्या पायथ्यालगत खणून घेऊ नये, त्या खड्ड्यातच पुढे बांध घसरतो. दगडी पिचिंगखाली, म्हणजे बांधाच्या उतारावर रचलेल्या दगडांखाली, खडीचा थर नसेल तर परतणारी लाट दगडांच्या फटींतून माती ओढून नेते आणि एक-दोन मोसमांत दगड खचतात. खेकड्यांची बिळे आणि एप्रिल-मेच्या उन्हात पडलेल्या भेगा पावसाआधी ओल्या मातीने ठोकून बुजवाव्यात. हे काम माणसाच्या हातानेच होते, जेसीबी त्यावरून नुसता फिरून जातो. धरमतर खाडीत बार्जच्या लाटा बांधाला दिवसभर धडकतात. तिथे वेगमर्यादा आणि तिची तपासणी, दोन्ही हवीत.

खांड, म्हणजे बांधाला पडलेले भगदाड, बुजवताना हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही टोकांकडून माती टाकत येणे. वाट अरुंद होत जाते तसा पाण्याचा वेग वाढतो आणि मधला तळ खोल खरवडला जातो. शेवटच्या पाच-सहा मीटरांत टाकलेली सगळी माती वाहून जाते. आधी तळ धरायला हवा. पूर्ण रुंदीभर बांबूच्या खुंट्या, चटया आणि मातीच्या गोण्या टाकून तळ झाकायचा आणि मग सगळीकडे सारखी उंची वाढवत वर यायचे. शेवटचा भराव अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत करायचा, कारण तेव्हा आत-बाहेर जाणारे पाणी सर्वांत कमी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या तोंडावर काम सुरू करणे म्हणजे माती आणि मजुरी दोन्ही खाडीत टाकणे. कामाच्या आदेशात तिथीचा विचार केलेला असावा ही मागणी जुनाट वाटू नये. खाडी तिथीनेच चालते.

वेळापत्रकही मागे ओढायला हवे. तौक्ते चक्रीवादळ 2021 च्या मे महिन्यात किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले आणि त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग 3 जूनला रायगडवर आदळले. म्हणजे जूनपर्यंत वेळ आहे, हे आता गृहीत धरता येत नाही. मातीकाम एप्रिलअखेर संपायचे तर निधी आणि मंजुरी डिसेंबरात हाती हवी.

कांदळवनाबाबत दोन्ही बाजूंनी अर्धवट बोलले जाते. बांधाबाहेर तिवर-कांदळाचा पट्टा असेल तर लाट बांधापर्यंत पोचताना मोडते, तो तोडणारा स्वतःचाच बांध उघडा पाडतो. अडचण फुटलेल्या बांधाच्या आत येते. तिवराचे बी पावसाळ्यात पाण्यावर तरंगत येते. खांड एक पावसाळा उघडी राहिली की शेतात रोपे धरतात, आणि 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार कांदळवन तोडता येत नाही, मग जमीन खासगी असली तरी. सातबारा शेतकऱ्याचा राहतो, शेत राहत नाही. यावर उपाय कायदा सैल करण्यात नाही. खांड त्याच मोसमात बंद करावी आणि बाहेरचा पट्टा राखावा.

देखभालीचा पैसा कुठून आणायचा? गोव्यातल्या खाजनांत, म्हणजे तिथल्या खारजमिनींत, उघाडीला मानस म्हणतात. तिथल्या मासेमारीचा हक्क कुळांच्या संघटना लिलावात देतात आणि त्यातून बांधांचा खर्च निघावा अशी रीत आहे. तिचा दोषही तिथेच दिसतो. कोळंबीसाठी ठेकेदार भरतीचे पाणी आत घेतो आणि शेत खारवते. आपल्याकडे ही रीत आणायची तर झडपाचा ताबा ठेकेदाराकडे जाता कामा नये. तो भात करणाऱ्या शेतकऱ्यांच्या समितीकडे हवा आणि भात उभे असताना खारे पाणी आत घ्यायला मनाई हवी.

खारेपाटातल्या तळ्यांतला जिताडा मासा हाही उत्पन्नाचा भक्कम आधार आहे. एकाच आकाराची पिल्ले सोडावीत आणि दर काही आठवड्यांनी निवडून मोठी वेगळी काढावीत, कारण मोठा जिताडा लहानाला गिळतो. पण बांध फुटला की तळेही खाडीला मिळते.

खारभूमी विकास विभागाकडे मागण्या तीनच. प्रत्येक उघाडीवर सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी रंगवावी आणि उधाणाच्या दिवशी आतली-बाहेरची पातळी गावाने वहीत लिहावी, म्हणजे पुढचे अंदाजपत्रक त्या नोंदींवर होईल. गावाच्या समितीला बिजागऱ्या, गोण्या आणि मजुरीसाठी दर वर्षी छोटा, ठरलेला निधी द्यावा. आणि झडपांची तपासणी नोव्हेंबर व एप्रिल अशी दोनदा, ओहोटीच्या वेळी, चिखलात उतरून व्हावी.

– एक वाचक, ता. पेण, जि. रायगड